बार नसलेलं बेट

दीव बेटावर बायकामुलांना न्यायचं म्हणून मी जे रिसॉर्ट ठरवलं, ते बेटावर नव्हतं. त्या वेळी मी सेलवासच्या मराठी शाळेत भूगोल शिकवत होतो.

हे दुसरं वाक्य आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर ते कुणीतरी मध्येच सांगतं आणि गोष्ट माझ्या हातातून जाते. आमच्या घरात ही गोष्ट सांगायला सगळ्यांनाच आवडतं, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात मी थोडा थोडा जास्त मूर्ख होत जातो. म्हणून म्हटलं, होता तेवढाच मूर्खपणा एकदा स्वतःच्या हातानं लिहून ठेवावा.

सुरुवात बायकोनं केली. ती खानदेशातली. तिच्या माहेरची नदी पावसाळ्यानंतर क्रिकेटच्या कामाची. मी कोकणातला, घर अगदी समुद्राला लागून. बघायला गेलो होतो तेव्हा मी ऐटीत म्हटलं होतं, "आमच्या ओटीवरून समुद्र दिसतो." ते खरंच होतं. तिला तो ओटीवरूनच दिसला, तोही केर काढताना. आमच्या गावात घरंदाज सून किनाऱ्यावर जात नसे. मासळी दारात यायची, वाळूत मुलं खेळायची, पुरुष संध्याकाळी वारा खायला जायचे, आणि सुना मागच्या पडवीत नारळ खवत लाटांचा आवाज ऐकायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तिनं माझ्या आईला विचारलं होतं, "जरा पाय भिजवून येऊ का?"

आई म्हणाली, "पाय भिजवायला मागं न्हाणीत पाणी आहे."

मी तिथंच उभा होतो. हसलो. ते हसू बायकोनं लग्नातल्या शालूसारखं जपून ठेवलं होतं, आणि आमची मुलगी चौथीत गेली त्या वर्षी दिवाळीच्या आधी बाहेर काढलं.

"यंदा गावाला जायचं नाही," ती म्हणाली. चहा पुढ्यात ठेवून म्हणाली, म्हणजे ठरवूनच. "मला अशा समुद्रावर न्या, जिथं मी कुणाची सून नाही. गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहणार. स्वयंपाक करणार नाही. आणि पाण्यातून बाहेर कधी यायचं ते मी ठरवणार."

"आई काय म्हणेल?"

"न्हाणीत पाणी आहे म्हणेल."

तेव्हा मला एकदम चेव आला. नुसता समुद्र कशाला, म्हटलं, बेटच दाखवतो! चारी बाजूंनी समुद्र! लक्षद्वीप, अंदमान ही बेटं आमच्यासाठी वर्गातल्या नकाशावरच बरी होती. पण दीव आमचं होतं. आम्हीही केंद्रशासित, तेही केंद्रशासित, दोघांचा प्रशासक एकच. सेलवासच्या कचेऱ्यांतून दीवचं नाव चुलतघरासारखं घेत.

फक्त त्या चुलतघराची कीर्ती आमच्यासारखीच होती. सेलवासला त्या दिवसांत ज्यांनी संसार केला त्यांना हे सांगायला नको. आजूबाजूला गुजरात, तिथं दारूबंदी, मधे आम्ही. शनिवार उजाडला की वापीच्या रस्त्यानं गाड्यांची रांग लागायची. सेलवासच्या आमली भागात बायकोमुलांना घेऊन साधा डोसा खायला जायचं तरी आधी दोन-चार टेबलांवरचे पाहुणे ओलांडावे लागत. मग एक पडदा. पडद्यावर लिहिलेलं, 'फॅमिली रूम'. त्या पडद्याआड दिसायचं काही नाही, ऐकू मात्र सगळं यायचं. मुलगी एकदा डोसा खाता खाता म्हणाली होती, "बाबा, ते काका रडतायत आणि गातायत, दोन्ही कसं?" मी म्हटलं, "त्यांची गाडी बिघडली आहे."

तर मला सहकुटुंब उतरता येईल असं रिसॉर्ट शोधायचं होतं, पडदा नसलेलं. चौकशी सुरू केली. सेलवासमध्ये दीवला जाऊन आलेली माणसं चिक्कार. पण ती सगळी एकाच कारणासाठी जाऊन आलेली.

आमच्या डोकमर्डीच्या चाळीत एक कारकून होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "एक आहे ना, किल्ल्याजवळ. एकदम झकास. मागाल तेव्हा बर्फ."

"समुद्र कसा आहे?"

"समुद्र..." तो बराच वेळ आठवत राहिला. "असणार. बेट म्हटल्यावर असणारच."

शाळेतल्या शिपायानं दुसरं सुचवलं. तिथं म्हणे बार इतका मोठा की आत शिरल्यावर माणूस हरवतो. मी त्याच्यावर काट मारली. तिसऱ्या ठिकाणी बार गच्चीवर. त्याच्यावरही काट मारली. बायको म्हणाली, "अहो, समुद्राचं विचारा. बारचं काय विचारत बसलाय?" मी म्हटलं, "तू मधे बोलू नकोस. निवड करताना आधी निकष ठरवायचा असतो. माझा निकष एकच. बार नको."

मी स्वतः घेत नव्हतो. याचं श्रेय संस्कारांना नाही, पित्ताला आहे. पण हेडमास्तरांनी शिक्षकखोलीत सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "सर, दीव हे काय बायकामुलांना न्यायचं ठिकाण आहे? आपल्या पेशाला शोभतं का?" तेव्हापासून मी इरेला पेटलो होतो. मी दीवलाच जाणार, बायकामुलांना घेऊनच जाणार, आणि असं ठिकाण शोधून काढणार की हेडमास्तरांनी पुढच्या वर्षी माझ्याकडे पत्ता मागावा.

शेवटी बसस्टँडसमोरच्या ट्रॅव्हल्सवाल्यानं एक फोन नंबर दिला. "नवीन आहे. बीच रिसॉर्ट. दीवलाच समजा." त्या 'समजा'कडे मी लक्ष द्यायला हवं होतं. मुलांच्या उत्तरपत्रिकेत 'समजा' दिसलं की मी लगेच लाल रेघ मारायचो.

रविवारी सकाळी आमलीतल्या एसटीडी बूथवर गेलो. रविवारी तिथं ही गर्दी. कारखान्यांतले धुळ्या-नंदुरबारकडचे कामगार घरी फोन लावायला यायचे. माझ्यामागचा एक जण म्हणाला, "मास्तर, जरा लवकर आटपा हो. माझा बाप तिकडे किराणा दुकानात फोनपाशी येऊन उभा ऱ्हायेल आहे."

फोन लागला. लाइन खरखरत होती, त्यामुळे मी बेंबीच्या देठापासून ओरडत होतो.

"आपके यहाँ बार है क्या?"

"क्या?"

"बार! बार! दारू का बार!"

मागची रांग चिडीचूप झाली.

"नहीं साहब," पलीकडचा आवाज ओशाळला. "बार तो नहीं है."

"बिलकुल नहीं?"

"बिलकुल नहीं. सॉरी, साहब. लेकिन यहाँ से पास में ही—"

"समुद्र है?"

"है ना. सामने."

"बस! रूम पक्की करो!" आणि मी विजयी मुद्रेनं फोन ठेवला. त्या माणसाच्या 'लेकिन'नंतर एक चेकपोस्ट होतं, एक पूल होता आणि दोन प्रदेशांची हद्द होती. मी ते सगळं तारेतच लटकत ठेवलं.

रांगेला अर्थात माझीच बाजू ऐकू गेली होती. बापाला किराणा दुकानात उभा करून आलेला तो कामगार मला हळूच म्हणाला, "मास्तर, नसला बार तर नसू द्या ना. हितून घेऊन जायचं."

संध्याकाळपर्यंत डोकमर्डीत आणि सोमवारपर्यंत शाळेत बातमी पोचली, की भूगोलाच्या सरांनी दीवला फोन लावून फक्त दारूची चौकशी केली. हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. "निदान मुलं झोपल्यावर तरी..." ते म्हणाले.

"सर, बार नाही, म्हणून तर ते ठरवलं."

"हो, हो," ते म्हणाले. गृहपाठाची वही घरी राहिली म्हणणाऱ्या मुलाकडे बघावं तसे बघत म्हणाले.

बायकोची पंचाईत वेगळीच. नळावर शेजारीण तिला म्हणाली, "वहिनी, तिकडे म्हणे सगळे पिऊन पडलेले असतात."

बायको बादली उचलत म्हणाली, "आणि इथं कोण उभं असतं?"

त्या उत्तरावर मी खूश होऊन घरात टाळी वाजवली. ती म्हणाली, "टाळ्या नंतर वाजवा. समुद्र चांगला आहे ना तिथं? भिजता येईल ना?"

"समोरच आहे," मी म्हटलं. "त्यानं शब्द दिलाय."

दिवाळीची गर्दी ओसरता ओसरता निघालो. वापीहून बस, आणि सकाळी सौराष्ट्रातल्या ऊना गावात उतरलो. तिथून छकडा केला, म्हणजे पुढे मोटारसायकल आणि मागे बैलगाडी असं त्या मुलखातलं वाहन. धाकटा माझ्या मांडीवर, मुलगी बॅगांवर, बायको कडेला, वाऱ्याकडे तोंड करून. नाक वर करून ती वास घेत होती. "येतोय," म्हणाली. "खारा वास येतोय."

वास खरा होता. छकडा थांबला. फाटक, हिरवळ, हिरवळीवर झोपाळा, पाटीवर 'बीच रिसॉर्ट'. आणि समोर, फोनवर सांगितल्याप्रमाणे अगदी समोर, चिखल. राखाडी, ओला, क्षितिजापर्यंत पसरलेला चिखल, त्यात एका पायावर उभे असलेले बगळे आणि लांबवर मिठागरांतले मिठाचे ढीग. त्याच्याही पलीकडे, डोळे बारीक केले तर, पाण्याची एक चकचकीत रेघ.

मॅनेजर हात जोडून आला. फोनवरचा तोच ओशाळा आवाज. "वेलकम, साहब. भरती आएगी तो पानी नजदीक आएगा. थोडा."

"जेवणात मासे काय आहेत?" कोकणी माणसानं पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो.

"राम राम," मॅनेजर म्हणाला. "प्योर व्हेज, साहब. अंडाभी नहीं. पूरी फॅमिलीवाली जगह है."

"आणि दीव?"

"दीव?" त्यानं चिखलाच्या डाव्या अंगाला हात केला. "वो तो आगे है ना. पहले अपना चेकपोस्ट, फिर घोघला, फिर पूल, फिर दीव. ये तो गुजरात है, साहब. फोन पे बता रहा था, पास में ही सब मिलता है, आपने काट दिया."

गुजरात! अहो, सेलवासच्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा, बार कुठे नसतो? तो सांगेल, हद्दीपलीकडे. आमच्याकडे माणसं राज्याची सीमा दगडावरून ओळखत नाहीत. बारच्या पाट्या संपल्या की गुजरात लागला म्हणून ओळखतात. आणि मी, तिथंच वर्षानुवर्षं राहून, बार नसलेलं ठिकाण शोधत शोधत बरोबर गुजरातेत येऊन पोचलो होतो. निकष अचूक लागू पडला होता. मी आजही म्हणतो, निकषात खोट नव्हती.

पण कबूल कोण करतो? मी बायकोकडे वळलो आणि चौथा तास सुरू केल्यासारखं म्हणालो, "हे बघ, भूगोलाच्या दृष्टीनं हाही समुद्रच आहे. याला भरतीचा पंकप्रदेश म्हणतात. ओहोटीच्या वेळी—"

"सामान उतरवू नका रे," बायको मुलांना म्हणाली.

"अगं, रूम ठरवली आहे."

"तुम्ही ठरवली आहे. राहा. झोपाळा आहे, वरण-भात मिळेल, बगळे आहेत. मी जाते." आणि छकडेवाल्याला तिच्या सेलवासच्या बाजारात शिकलेल्या गुजरातीत म्हणाली, "भाई, दीव चालो. जिथं खरं पाणी आहे तिथं."

गाडी सुरू झाली तेव्हा मी मागून पळत जाऊन चढलो. मॅनेजर फाटकाशी हात जोडून उभा. मुलगी त्याला टाटा करत होती.

चेकपोस्ट, घोघला, मग पूल. दोन्ही बाजूंना पाणी आलं तेव्हा बायकोनं धाकट्याचं तोंड त्याच्याकडे वळवलं. बेटाच्या दुसऱ्या टोकाला, किनाऱ्याजवळ, एक जुनं दुमजली घर होतं. खाली दारातच बार. टेबलं, बाटल्या, सकाळीच बसलेली दोन-तीन गिऱ्हाईकं. वर खोल्या. मालकीण म्हातारी ख्रिस्ती बाई, फ्रॉक घातलेली, खुर्ची दारात टाकून बसलेली.

मी बायकोच्या कानाशी लागलो. "अगं, बार आहे."

"दिसतोय," ती म्हणाली, आणि तिनं स्वतःची चौकशी सुरू केली. खोलीला आतून कडी नीट लागते का? ओली साडी वाळत कुठं घालायची? स्वयंपाक कोण करतं? मला करावा लागणार नाही ना? आणि शेवटी, "हे पिणारे कुठं बसतात?"

"मला दिसतील तिथं," म्हातारी म्हणाली.

बायकोनं पिशवी खाली ठेवली. मी जे ठरवायला सगळं सेलवास पालथं घातलं होतं, ते तिनं एवढ्यात ठरवलं. मी तेव्हाही म्हणालो, "हे काही बरोबर नाही. हेडमास्तरांना कळलं तर?"

"त्यांना पत्ता द्या," ती म्हणाली.

दुपारी किनाऱ्यावर गेलो. फांद्या फुटलेली ताडासारखी झाडं, खाली वाळू, आणि वाळूत ठिकठिकाणी बसलेले पुरुषांचे घोळके, मधे बाटल्या. पाण्यात बाई एकही नव्हती. बायकोनं चपला काढल्या, पदर खोचला आणि सरळ चालायला लागली.

"अगं, लोक बघतायत!"

ती थांबली. मागे वळून म्हणाली, "बघू देत. मी यांच्यापैकी कुणाचीच सून नाही."

आणि गेली. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. मुलगी तिच्या मागे, धाकटा मुलीच्या मागे. मी चपलांपाशी उभा. कुणीतरी चपलांपाशी उभं राहावंच लागतं, असं मी स्वतःला समजावत होतो. शेजारच्या घोळक्यातला एक जण उठला, झोकांड्या खात माझ्याकडे आला. आता हा काहीतरी बोलणार, म्हणून मी छाती पुढे काढली. तो म्हणाला, "बडे भाई, आप भी जाओ. चप्पल हम देखते हैं."

मी गेलो नाही. हट्ट म्हणजे हट्ट. पाण्यात ती गळ्यापर्यंत उभी होती. एक लाट तिच्या डोक्यावरून गेली, आणि ती खोकत, हसत, नाकातोंडातून पाणी काढत ओरडली, "अहो, खारट आहे हो! खरंच खारट आहे!" सगळ्या किनाऱ्याला ऐकू गेलं. त्या घोळक्यानं टाळ्या वाजवल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि समुद्रालगत जन्मून मी तिला हे कधी चाखवलं नव्हतं. मी पँट दुमडली आणि गेलो.

ती बाहेर आली तेव्हा ऊन उतरलं होतं. कधी यायचं ते तिनंच ठरवलं. रात्री म्हातारीनं तळलेली मासळी वाढली, आणि बायकोला पहिलं ताट दिलं. ती आधी सवयीनं उठायला लागली, मग बसली. खाली कुणीतरी रडत होता आणि गातही होता. मुलगी म्हणाली, "बाबा, यांचीही गाडी बिघडली?" बायको इतकी हसली की तिला ठसका लागला.

परत निघायच्या सकाळी ती पुन्हा एकदा पाण्याशी गेली आणि एक रिकामी बाटली भरून आणली. बाटली खालच्या बारमधली, रमची. दुसरी कुठून मिळणार? "माझ्या आईला न्यायचंय," म्हणाली. "तिला वाटतं समुद्र खारट असतो ही पुरुषांची थाप आहे."

"अगं, चेकपोस्ट आहे. रमची बाटली बघून तो काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे. मी चोरलेलं नाही. समुद्राचं आहे."

चेकपोस्टवर गुजरातचा पोलीस. बसमधल्या सगळ्यांना उतरवून त्यानं पिशव्या तपासल्या आणि आमच्यातून बरोबर ती बाटली काढली. वर धरून उजेडात पाहिली. हुंगली. माझ्याकडे पाहिलं. "सेलवास से? अच्छा!" तो म्हणाला. 'सेलवास' या शब्दात त्याला माझी सगळी कुंडली मिळाली होती. "ये क्या है?"

"समुद्र का पानी."

बस हसली. पोलिसानं बूच उघडून बाटली माझ्या हातात दिली. "तो पियो."

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "प्या. पण जपून, आईला राहिलं पाहिजे."

मी एक घोट घेतला. तोंड असं झालं की पोलिसाला आणखी पुरावा लागला नाही. त्यानं बूच लावून बाटली बायकोच्या हातात परत दिली आणि विचारलं, हे पाणी नेताय कशाला? मग तिनं भर रस्त्यात त्याला सगळं सांगितलं. नवऱ्याची बिन-बारची निवड, चिखल, बगळे, पंकप्रदेश, चपलांची राखण. तिची बाजारातली गुजराती त्या दिवशी काय वाहत होती! मी मधे म्हटलं, "निकष चुकीचा नव्हता."

"मास्तर हो?" पोलिसानं मला विचारलं. "क्या पढाते हो?"

मी पिशव्या उचलायला लागलो. मुलगी म्हणाली, "भूगोल."

त्यानं मला खालून वर पाहिलं, बसमध्ये चढायची खूण केली आणि बायकोला म्हणाला, "बेन, अगली बार मास्तर को घर पे रखके आना."